न तोडण्याचे नियम: एका देवरहाटीपासून अनेक धर्मांपर्यंत

रानजाई

माझे माहेर संगमेश्वर तालुक्यातले. गावाच्या वरच्या अंगाला ग्रामदेवीची रहाटी आहे. देशावर जिला देवराई म्हणतात, तीच ही. लहानपणी आजीबरोबर तिथे जायचे म्हणजे पायवाटेच्या तोंडाशी असलेल्या चिऱ्याजवळ चपला काढायच्या आणि आत गेल्यावर आवाज चढवायचा नाही, एवढे आम्हा मुलांना ठाऊक होते. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा खाली पडलेली गारंबीची शेंग उचलून परकराच्या ओच्यात लपवली. ही शेंग हातभर लांब आणि मधेमधे आवळलेली असते, आणि तिच्यातल्या चपट्या, तपकिरी, गुळगुळीत बियांचा कोणत्याही पोराला मोह व्हावा. आजीने ओचा सोडायला लावला, शेंग जिथून उचलली होती तिथेच पुन्हा ठेववली आणि देवीपुढे उभे राहून ‘पोर अजाण आहे, पदरात घे’ असे गाऱ्हाणे घातले. मी झाडावरची तोडली नव्हती, खाली पडलेलीच घेतली होती, हा माझा युक्तिवाद तिने ऐकून घेतला आणि ‘पडली म्हणजे तिची झाली’ एवढेच उत्तर दिले.

पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि तीसेक वर्षे शिकवले. पडलेले लाकूड, कुजणारा पाला आणि त्यांवर जगणारी बुरशी यांचे रानाला किती मोल असते, हे मी फळ्यावर आकृत्या काढून सांगत असे. म्हणजे नियम मला आधी मिळाला आणि त्याचे कारण बऱ्याच वर्षांनी. त्यामुळे असेल कदाचित, पण कोणत्याही धर्मापाशी गेले की त्याचे तत्त्वज्ञान मी मागाहून विचारते. हा धर्म माणसाला काय उचलू नको म्हणतो, ते आधी पाहते.

पुण्यात आमच्या शेजारी एक जैन कुटुंब राहते. त्या काकू पावसाळ्याचे चार महिने घरात पालेभाजी आणत नाहीत, कारण त्या दिवसांत पानापानावर सूक्ष्म जीव असतात. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा आणि वनस्पती या पाचही ठिकाणी फक्त स्पर्श जाणणारे, एकाच इंद्रियाचे जीव असतात, हे त्यांनी मला एका दुपारी मटार सोलता सोलता समजावून सांगितले. एकेंद्रिय हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. काही वर्षांनी पाली विनयाचे, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथाचे, भाषांतर वाचत असताना तोच शब्द पुन्हा समोर आला. बुद्धाचे भिक्षू पावसाळ्यातही हिंडतात, हिरवे गवत तुडवतात आणि एकेंद्रिय जीवांना इजा करतात, अशी लोकांची तक्रार होती. पाखरेसुद्धा पावसाळ्यात झाडाच्या शेंड्यावर घरटे बांधून स्थिर होतात, मग यांना काय झाले, असेही लोक म्हणत. त्या तक्रारीवरून भिक्षूंना वर्षावासाचा नियम मिळाला. एका जागी थांबण्याची ही रीत इतर पंथांच्या साधूंनी आधीच पाळलेली होती. आपल्याकडे आषाढी ते कार्तिकी देव झोपतो, लग्ने थांबतात. किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होड्या पाण्यात जात नसत. देव वेगळे, कारणे वेगळी, पण रान आणि समुद्र विणीला लागले की माणसाने आपला पाय मागे घ्यावा, हे सगळ्यांनी आपापल्या परीने ठरवलेले दिसते.

आता माझी अडचण सांगते. मी चातुर्मासात पालेभाजी खात नाही, पण कर्मबंधाचा सिद्धांत मला पटलेला नाही. विनय आवडीने वाचते, पण बुद्ध, धम्म आणि संघ यांचे त्रिशरण घेतलेले नाही. रहाटीत आजही अनवाणी जाते, पण देवी कोपेल अशी भीती मनात नसते. निसर्गाच्या ओढीने मी अनेक धर्मांच्या ओसरीवर बसले, माजघरात मात्र कुठेच गेले नाही. हे प्रामाणिक आहे का, असा प्रश्न मला अलीकडे पडतो, म्हणून हा धागा.

तर्कट

रानजाई ताई, लेख आवडला, तरीही विचारतो. पाच घरच्या पंगतीत बसून प्रत्येक पानातले गोड तेवढे वाढून घ्यायचे आणि कारल्याची भाजी सोडायची, असे हे नाही का? शेजारच्या काकू बटाटा खात नाहीत, उकळलेले पाणी पितात, पर्युषणात उपवास करतात. या सगळ्याला धरून त्यांचा पालेभाजीचा नियम उभा आहे. त्यातला एक दगड काढून तुम्ही तुमच्या बागेत शोभेला मांडला, तर तो सुंदर दिसेल, पण भिंत म्हणून तो कशाचाही भार घेणार नाही.

खाडीपलीकडे

मी कोकणी मुसलमान, बाणकोटच्या खाडीकाठचा. तर्कट यांचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो, कारण ‘काय उचलू नये’ हा प्रश्न वाचताच मला आमचे आजोबा आठवले.

आजोबा वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला, तोटीचा तांब्या भरून घेत आणि तेवढ्यात सगळे भागवत. आम्ही नातवंडे नळ सोडून द्यायचो, तेव्हा ते एक हदीस, म्हणजे पैगंबरांची सांगून आलेली आठवण, सांगत. पैगंबरांनी एका सोबत्याला वजू करताना पाणी जास्त वापरताना पाहिले आणि ही उधळपट्टी कशासाठी, असे विचारले. वजूतही उधळपट्टी असते का, असे त्याने विचारल्यावर उत्तर मिळाले की हो, वाहत्या नदीवर बसला असलास तरीही. पाणी कमी आहे म्हणून जपायचे, हे तर कोणीही सांगेल. नदी भरून वाहत असतानाही जपायचे, हे लहानपणी मला कळत नसे. कयामतीची घटका आली आणि हातात रोप असेल, तर जमल्यास ते लावून टाकावे, ही हदीस आता फलकांवरही दिसते, पण आमच्या घरात त्या तांब्याचे वजन जास्त होते.

तुमच्या रहाटीशी खरे नाते लागते ते मक्केच्या हरमचे, म्हणजे तिथल्या पवित्र हद्दीचे. त्या हद्दीत शिकार करायची नाही आणि आपोआप उगवलेली झाडेझुडपे तोडायची नाहीत. हा हुकूम जाहीर झाला तेव्हा पैगंबरांचे चुलते अब्बास यांनी मधेच विनंती केली की इझखिर नावाच्या गवताला तेवढी सूट असावी, कारण ते लोहारांना, घरांच्या छपरांना आणि कबरींना लागते. आणि ती सूट तिथल्या तिथे मिळाली. मला या प्रसंगातला मोकळेपणा फार आवडतो. नियम वरून आला, पण खालच्या माणसाला गवताच्या एका जातीपुरते बोलता आले.

चवदार

दोन्ही प्रतिसाद आदराने वाचले. आता थोडे कडू बोलतो आणि ते याच विषयावर आहे.

निसर्ग सगळ्यांचा असतो, धर्म तेवढे वेगळे, अशी एक समजूत या प्रकारच्या लेखनात नेहमी डोकावते. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ज्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तळे निसर्गच होते. त्यात जनावरे पाणी पीत होती. आमच्या लोकांनी ते प्यायल्यावर मात्र तळे शुद्ध करून घेण्यात आले. तेव्हा ‘इथले काही उचलू नये’ हा नियम ऐकला की माझा पहिला प्रश्न असा असतो की हे कोणाला सांगितले आहे आणि कोणाला आत येऊच दिलेले नाही. ताईंच्या रहाटीतल्या चिऱ्याजवळ चपला काढून सगळे आत जात होते की काही जण चिऱ्यापाशीच थांबत होते?

माझ्यापुरते मी असे ठरवले आहे की जो नियम आपला हात आवरतो तो घ्यावा आणि जो दुसऱ्याचा पाय अडवतो तो टाकावा. विनयातला झाडांविषयीचा नियम मला म्हणूनच जवळचा वाटतो. आळवी इथले भिक्षू विहाराच्या बांधकामासाठी झाडे तोडत होते, तेव्हा एका झाडावर राहणाऱ्या देवतेने गाऱ्हाणे केले आणि वनस्पती तोडण्याला मनाई झाली. तिथे दिलेले कारण वाचण्यासारखे आहे. लोक झाडात जीव आहे असे मानतात, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे झाडात आत्मा आहे की नाही हा वाद न घालता, गावकऱ्यांच्या मनाची कदर करून भिक्षूंचाच हात आवरला गेला.

दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या वृक्षापासून आलेल्या रोपांचा आहे, आणि तो अनुराधपूरचा वृक्ष सम्राट अशोकाच्या कन्येने, संघमित्तेने नेलेल्या बोधगयेच्या फांदीपासून वाढलेला. पिंपळ आमच्या गावच्या पारावरही होता, पण त्या पारावर बसण्याची आमच्या आजोबांना मुभा नव्हती. नागपूरच्या पिंपळाखाली मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा झाडाची सावली म्हणजे काय ते कळले.

तर्कट

चवदार यांची कसोटी नेमकी आहे, पण ती वाटते तितकी सोपी नाही. देवराईत लाकूड तोडू नये हा नियम ज्याच्या घरी गॅस आहे त्याचा हात आवरतो. ज्याच्या चुलीला रोज मोळी लागते, त्याचा मात्र तो पायच अडवतो. नियम एकच, माणूस बदलला की त्याची जात बदलते.

भीमाशंकर परिसर

मी महादेव कोळी समाजातला आहे, आंबेगाव तालुक्यात आहुप्याच्या बाजूला आमचे गाव. वरच्या मुद्द्यावर आम्ही रोज जगतो म्हणून लिहितो.

आहुप्याला भैरवनाथाची देवराई आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांची पाहणी केली, त्यानंतर शहरातली अभ्यासू मंडळी या बाजूला येऊ लागली. १९८५ साली अभयारण्य झाले. आता आमच्या रानात दोन नियम आहेत, एक देवाचा आणि एक फलकाचा. दोन्ही तोडू नका असेच सांगतात. फरक एवढाच की देवाला विचारता येते. देवळाचा वासा बदलायचा असेल, कोणाच्या घरी अगदीच अडचण असेल, तर चार माणसे बसतात, देवापुढे गाऱ्हाणे होते आणि काय ते ठरते. वरती इझखिर गवताची गोष्ट वाचली, तेव्हा आमच्याच गावातली बैठक ऐकतो आहे असे वाटले. फलकाशी मात्र असे बोलता येत नाही. तर्कट दादांच्या मोळीचे उत्तर यात आहे असे मी म्हणत नाही, पण मोळीवाल्याला बोलायला जागा कुठे आहे, ते यातून दिसते.

आणखी एक. ‘निसर्गप्रेम’ हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही. उन्हाळ्यात आम्ही बाळहिरडा गोळा करतो, तो विकून वर्षाचा काही खर्च निघतो. पावसाच्या पहिल्या रानभाज्या देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाही. वाघबारसेला वाघोबाला नैवेद्य असतो, आणि तो प्रेमापोटी दिलेला नसतो. आमची गुरे, आमची पोरे तू राख, तुझ्या वाटेला आम्ही येणार नाही, असा तो व्यवहार आहे. वाघ दिसेनासा झाला तरी बिबट्या आहेच, त्यामुळे व्यवहार चालू आहे. ज्याची भीती वाटते त्याच्याशी नाते ठेवावे लागते. ज्याच्यावर नुसते प्रेम असते, त्याला माणूस सुटीच्या दिवशी भेटायला जातो. रागावू नका, मोकळेपणाने लिहिले.

वसईची वाडी

रागावण्यासारखे काही नाही, उलट शेवटचे वाक्य लागले, कारण आम्ही वसईचे ख्रिस्ती शेतकरी हळूहळू सुटीच्या दिवसाचेच झालो आहोत. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या होत्या, तिथे आता इमारती आहेत.

असिसीच्या संत फ्रान्सिसचे नाव कोणीतरी घेईल म्हणून वाट पाहिली. सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारे त्यांचे स्तोत्र साधारण १२२५ सालचे आहे. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले, आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीविषयीच्या परिपत्रकाला नावही त्याच स्तोत्रातल्या शब्दांचे दिले. तुकोबांनी झाडांना सोयरे म्हटले ते याच सुरातले आहे, अशी तुलना आमच्याकडे प्रवचनातही होते. पण या धाग्याला धरून फ्रान्सिस यांच्या दोन बारीक आज्ञा जास्त महत्त्वाच्या वाटतात. जळणासाठी झाड तोडताना ते मुळापासून तोडू नका, पुन्हा फुटण्याची त्याची आशा ठेवा, असे ते आपल्या बंधूंना सांगत. आणि मठाच्या माळ्याला त्यांचे सांगणे असे की बागेच्या कडेची जमीन न खणता सोडावी, म्हणजे तिथे रानगवत आणि रानफुले आपल्या मनाने येतील. भाऊ-बहीण म्हणणे सोपे आहे. वाडीचा बांध मोकळा सोडणे किती जड जाते, हे शेतकऱ्याला विचारा.

गोव्यात राय गावी ५ ऑगस्टला भाताची नवी कणसे चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात, त्याला कोणसाचे फेस्त म्हणतात. कोकणातले हिंदू शेजारी नव्याच्या पौर्णिमेला भाताची लोंबी दाराला बांधतात. आधी त्याला, मग आपल्याला, हा क्रम दोन्हीकडे एकच आहे.

तोक्योहून

पंधरा वर्षे जपानात आहे. इथल्या शिंतो देवस्थानांभोवती राखलेले रान असते, त्याला चिंजू नो मोरी म्हणतात. अर्थ साधारणपणे ग्रामदेवतेचे रान असाच होईल. तोक्योतले मेइजी देवस्थान १९२० सालचे, म्हणजे तसे नवे, आणि त्याभोवतीचे ७० हेक्टरांचे रान माणसांनी लावलेले आहे. देशभरातून सुमारे १,००,००० झाडे लोकांनी भेट दिली होती. तेव्हाचे पंतप्रधान ओकुमा यांना निक्को इथल्या देवस्थानासारखे, सुगी नावाच्या सूचिपर्णी झाडांचे उंच, भव्य रान हवे होते. होंदा सेइरोकु आणि इतर वनशास्त्रज्ञांनी मात्र इथल्या मातीत आपले आपण टिकतील अशा रुंद पानांच्या सदाहरित झाडांचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला.

आजही तिथे सकाळी लांब झाडू घेऊन माणसे वाट झाडताना दिसतात. वाटेवरचा सगळा पाला गोळा करून ते तो पुन्हा झाडांखाली नेऊन टाकतात. एक पानही रानाबाहेर जात नाही. रानजाई ताईंच्या आजींची शेंग वाचली आणि तो झाडूचा आवाजच कानात आला.

पण इथेही सगळे गोड नाही. १९०६ नंतर सरकारने खेड्यापाड्यातली छोटी देवस्थाने मोठ्या देवस्थानांत विलीन करायला लावली. देव हलवला की मागे राहिलेले रान बिनमालकीचे झाले आणि अनेक ठिकाणी ते तोडून विकले गेले. मिनाकाता कुमागुसु नावाचे निसर्गअभ्यासक त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढले. म्हणजे रान जाण्याआधी देवाचे घर बदलले होते.

रानजाई

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी शिमग्याला गावी गेले होते, आणि जे घडले ते सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही.

आधी चवदार यांच्या प्रश्नाचे. नाही, सगळे आत जात नव्हते. वाडीतली काही घरे सणाला चिऱ्यापाशीच थांबत. मोठी झाल्यावर महिन्यातले चार दिवस आजी मलाही तिथेच थांबवत असे, आणि तेव्हा मला राग येई तो माझ्यापुरताच असे, शेजारी थांबलेल्यांसाठी येत नसे. लेखात हे मी गाळले होते. तर्कट, तुम्ही म्हणता तसे कारले पानात सोडले ते हेच.

तोक्योहून आलेल्या शेवटच्या वाक्याने मात्र मी दचकले. आमच्या देवीचे जुने देऊळ कौलारू होते, बाजूंनी उघडे, निम्मे रानातच. सात-आठ वर्षांपूर्वी जीर्णोद्धार झाला आणि सिमेंटचे शिखर, फरशी, लोखंडी दार आले. तेव्हापासून पाया पडायला येणारे वाढले आणि रहाटीत पाऊल टाकणारे कमी झाले. आता सभामंडपाचा बेत आहे. त्याच्या आड एक जुनी सातवीण येते. त्या सातविणीच्या ढोलीत धनेशाची मादी बसलेली होती. ती आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि पिल्लू मोठे होईपर्यंत नर एका फटीतून तिला भरवत राहतो. मी दोन पानी टिपण करून नेले होते, ते वाचून दाखवले. मंडळींनी आदराने ऐकले, कोणीतरी चहा विचारला, आणि मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले की झाड तिचे आहे तर तिला विचारा.

कौल लावायचे ठरले. गुरवांनी पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या देवीच्या पाषाणावर डाव्या-उजव्या अंगाला चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले. उजवी पडली तर तोडायचे, डावी पडली तर ठेवायचे. या वेळी चिऱ्यापाशी कोणी थांबलेले नव्हते, हे मी मुद्दाम पाहिले. साडेदहापासून आम्ही बसलो. ओली पाकळी दगडाला का चिकटते आणि वाळली की का पडते, हे मी मुलांना शिकवलेले आहे, तरी माझी नजर उजव्या पाकळीवरून हलत नव्हती. बाहेर नर दोनदा येऊन गेला, त्याच्या पंखांचा आवाज आतपर्यंत आला. एक वाजला, दीड वाजला, पाकळ्या तशाच होत्या. अखेर देवी बोलत नाही म्हणजे अजून वेळ झालेली नाही, असे गुरवांनी सांगितले आणि सगळे जेवायला उठले. पुढचा कौल पुढच्या शिमग्याला.

उजवी पाकळी पडली असती तर मी ती मानली असती की टिपण घेऊन पुन्हा उभी राहिले असते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.